गणिताने आखलेला आहार घशाखाली उतरत नाही?

‘संगणकाने काढलेला आहार पौष्टिक असेल, पण माणूस तो खाणार नाही,’ असं सर्रास फॉरवर्ड होतंय. या समजापायी अटी घालून गणिताने आहार आखण्याचं एक उपयोगी साधन बाजूला पडतं आणि त्याची झळ हातात कमी पैसे असणाऱ्यांना बसते, म्हणून हे लिहितोय.

पुरावा दिला जातो अमेरिकी अर्थतज्ज्ञ जॉर्ज स्टिगलर यांच्या 1945च्या यादीचा. 77 पदार्थांतून 9 पोषक घटक सर्वांत कमी खर्चात कसे मिळतील? उत्तर आलं: गव्हाचं पीठ, आटवलेलं दूध, कोबी, पालक, सुका घेवडा, वर्षाला 39.93 डॉलर. यादी नीरस आहेच. पण चवीची अटच घातली नव्हती! आणि हा आहार कुणी घ्यावा असं आपण सुचवत नाही, हे स्टिगलर यांनीच लिहून ठेवलंय.

दुसरा मुद्दा, ‘यंत्राला चव कळत नाही.’ बरोबर, ती आपण सांगायची असते. असं गणित सोडवण्याची पद्धत शोधणारे गणितज्ञ जॉर्ज डॅन्टझिग यांनी स्वतःसाठी आहार काढला, तेव्हा पोट भरल्यासारखं वाटावं म्हणून पाणी वगळून अन्नाचं वजन जास्तीत जास्त ठेवायला सांगितलं. उत्तरात 500 गॅलन व्हिनेगर आलं, कारण व्हिनेगरमधलं पाणी हिशेबात शून्य धरलं होतं. ते काढलं, तर दिवसाला सूपच्या 200 वड्या! कमाल मर्यादा घातल्यावर त्याही गेल्या. आज तर उद्दिष्टच बदलता येतं: लोक सध्या जे खातात त्यापासून कमीत कमी फारकत घेऊन पोषणाची उणीव भरून काढायची. लोकांची आवड अशी थेट समीकरणात येते.

‘अनुभवी आहारतज्ज्ञ पुरेसा आहे,’ हे मला अर्धंच पटतं. कोणता पदार्थ किती वेळा चालेल हे तोच सांगू शकतो. पण डझनभर घटक एकाच वेळी सांभाळणं डोक्यात जमत नाही. शिवाय गणित कधीकधी ‘उत्तरच नाही’ असं सांगतं, आणि मला तेच सर्वांत मोलाचं वाटतं. 6 ते 11 महिन्यांच्या बाळांच्या आहारात हे लोहाबाबत वारंवार दिसतं: घरात मिळणारे पदार्थ कसेही जुळवले तरी लोह कमीच पडतं. मग आईला ‘नीट भरवा’ सांगून काय होणार? तिथे लोहयुक्त पूरक आहारच पोहोचवावा लागतो.

एक मात्र खरं, कागदावरचा आहार घरोघरी काही आठवडे शिजवून पाहिल्याशिवाय पक्का धरू नये. नाकारलेल्या पदार्थाची मर्यादा बदलायची आणि गणित पुन्हा सोडवायचं.