पक्ष्यांवर पोट भरतं का?

गेल्या मे महिन्यात, दहावीचा निकाल लागल्यावर, लेक जेवताना म्हणाली, "बाबा, मला पक्ष्यांचा अभ्यास करायचाय. कायमचा. तेच काम म्हणून." माझ्या तोंडून फटकन निघालं, "पक्ष्यांवर पोट भरतं का?" ती काही बोलली नाही. अर्धी भाकरी ताटात ठेवून उठली. ते ताट अजून डोळ्यांसमोरून जात नाही, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

पोटाचा प्रश्न आईबापांनी नाही विचारायचा तर कोणी? विचारायलाच हवा. पण त्या रात्री मला उत्तर नकोच होतं, विषय संपवायचा होता. आपण बहुतेक जण असंच करतो. प्रश्नचिन्ह लावून मुलांना गप्प करतो आणि त्याला काळजी म्हणतो.

आम्ही ऐरोलीचे. खाडी घराजवळ, सातवीपासून ती तिकडे जाते. त्या रात्री ती झोपल्यावर मी तिची दोनशे पानी वही पहिल्यांदा उघडली. तारीख, भरतीची वेळ, ओहोटीची वेळ, पक्षी, संख्या. सगळं पट्टीने आखलेलं. ओहोटीला चिखल उघडा पडला की रोहित पक्षी (फ्लेमिंगो) खाडीत चरतात आणि भरती चढली की नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळींवर जाऊन थांबतात, हे मला त्या वहीतून कळलं. इतकी वर्षं लोकलच्या खिडकीत बसून मला ते नुसते गुलाबी ठिपके दिसायचे. एका पानावर लिहिलं होतं: "मोठे रोहित ४३. लहान रोहित खूप, मोजता आले नाहीत. अंदाज लिहायचा नाही." पंधरा वर्षांची पोर अंदाज लिहायला तयार नाही, आणि मी तिच्या अख्ख्या आयुष्याचा अंदाज एका वाक्यात सांगून मोकळा झालो होतो.

माझी भीती खोटी नाही, तेही सांगतो. माझे वडील ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कंपनीत होते. पर्मनंट. मी बारावीत असताना कंपनीला टाळं लागलं. हिशोबाचे पैसे हातात यायला किती वर्षं गेली, त्यात आईचं काय काय मोडलं, ते या पट्ट्यातल्या कित्येक घरांना सांगायला नको. ज्याने घरातला पगार थांबलेला पाहिलाय, तो लेकराच्या स्वप्नाला आधी दचकतोच.

लोक लगेच पक्षिशास्त्रज्ञ सलीम अलींचं नाव घेतात. पण त्यांची गोष्ट पुरती सांगावी. विद्यापीठाची पदवी नाही म्हणून त्यांची सरकारी नोकरी हुकली. जर्मनीत शिकून १९३० मध्ये परतले, तर मुंबईच्या संग्रहालयातली त्यांची जागाच उरली नव्हती. मग पत्नी तेहमिना यांच्यासोबत अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले आणि तिथे सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला. त्याच अभ्यासाने त्यांचं नाव झालं. मला यात दोन्ही गोष्टी दिसतात. पदवी लागते. आणि नोकरी नसलेल्या दिवसांत घरातलं कोणीतरी सोबत लागतं.

मग एका रविवारी आम्ही चौघं कागद-पेन घेऊन बसलो. प्राणिशास्त्रात बीएस्सी, एमएस्सी. पुढे डेहराडूनची वन्यजीव संस्था, बंगळुरूची जीवविज्ञान संशोधन संस्था एनसीबीएस, कोइम्बतूरचं सलीम अली केंद्र, आपल्या मुंबईत बीएनएचएस, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी. जागा मोजक्या, स्पर्धा मोठी. नेट परीक्षा देऊन जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००, सगळी मिळून पाच वर्षं. नाही मिळाली तर काय, हेही तिनेच लिहिलं: बीएड करून शाळेत विज्ञान शिकवणं, नाहीतर वनखात्याच्या परीक्षा.

माझे वडील चष्मा लावून कागद वाचत होते. म्हणाले, "पाच वर्षांनी काय? कायमचं नाही ना हे?"

ती म्हणाली, "नाही आजोबा."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "माझी कायमची होती."

कोणी काही बोललं नाही. आईने उठून चहा टाकला.

"तुला हवं ते कर, आमची ना नाही" असं म्हणून मोकळं होणारे आईबापही मला पटत नाहीत. तिथेही मूल एकटंच पडतं. फी किती, कुठे राहायचं, नाही जमलं तर काय, हे सोळाव्या वर्षी त्याने एकट्याने का शोधावं? आणि ज्या घरात पुढच्या महिन्याचं भाडंच सुटत नाही, तिथे उत्तर वेगळं येईल, हे मला माहीत आहे. पण त्या मुलालाही कागदावर मांडलेलं उत्तर मिळायला हवं, टोमणा नको.

आमचं ठरलंय ते एवढं: अकरावी सायन्स, जीवशास्त्रासोबत गणितही ठेवायचं, गणितावर ती अजून कुरकुरते. ठाण्यातल्या क्लासला भरलेले आगाऊ पैसे बुडाले, बुडू दे. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षी पुन्हा कागद काढायचा. दुर्बीण मात्र तिला दिवाळीत घेतली, आठ बाय बेचाळीसची. पहिल्या दिवशी ती आजोबांच्या गळ्यात होती. जेट्टीवर उभे राहून ते मोठ्याने मोजत होते आणि ही वहीत लिहीत होती.