बाळाचं नाव परागंदा

मध्य आशियातल्या किरगिझ लोकांत काच्किनबाय असं एक नाव आहे. काच्किन म्हणजे पळालेला, परागंदा झालेला. दुसरं नाव तेन्तिमिश, म्हणजे वणवण केलेला. आणि तिसरं उर्कुनबाय. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी किती तरी वेळ त्या नावांपाशीच थांबले. कुठली आई हौसेनं असं नाव ठेवेल?

उर्कुन म्हणजे १९१६ ची ती पळापळ. पहिलं महायुद्ध चालू होतं आणि रशियाच्या झारनं फर्मान काढलं, की मध्य आशियातल्या १९ ते ४३ वयाच्या पुरुषांनी आघाडीमागे मजुरीला जायचं. चांगली कुरणं आणि जमिनी रशियन वसाहतवाल्यांनी आधीच बळकावल्या होत्या. बंड पेटलं, ते चिरडायला सैन्य आलं, आणि माणसं गुरामेंढरांसकट तिएन शान पर्वत ओलांडून चीनकडे निघाली. वाटेतली बेदेल खिंड चार हजार मीटरहून उंच. बर्फात कितीतरी तिथेच राहिले. कळप बिथरून उधळतो त्या क्रियापदावरून ‘उर्कुन’ शब्द आलाय. स्वतःच्या पळण्याला लोकांनीच दिलेला हा शब्द मला कुठल्याही सरकारी अहवालापेक्षा नेमका वाटतो.

मेले किती? कुणी लाख म्हणतं, कुणी दीड लाख, कुणी त्याहून जास्त. हा वाद इतिहासकारांनी जरूर घालावा. पण पलीकडे पोचल्यावर आधी उरलीसुरली जनावरं विकली आणि मग मूठभर धान्यासाठी पोटचं लेकरू दुसऱ्याच्या घरी दिलं, हे घरातल्या म्हाताऱ्यांनी सांगितलं म्हणून कळतं. १९१७ च्या रशियन क्रांतीनंतर बरेच जण परतले, तर त्यांच्या जमिनीवर दुसरेच बसलेले.

सोव्हिएत राजवटीत यावर मोकळेपणी बोलायची सोय नव्हती. १९१६ मध्ये दहा वर्षांचं असलेलं मूल ती राजवट कोसळली तेव्हा, १९९१ मध्ये, पंच्याऐंशीचं झालं होतं. विचारायला मोकळीक मिळाली तेव्हा सांगणारे संपत आले होते. याची मला फार हळहळ वाटते.

‘आठवणींचं काय, त्या बदलतात, फुगतात,’ असं म्हणणारे भेटतात. बदलतात, हे खरंच. बंडात रशियन वसाहतवाल्यांची बायकापोरंही मारली गेली. त्यांना या आठवणींत किती जागा मिळते, हे मीही विचारीन. पण म्हणून ऐकायचंच नाही?

किरगिझस्तानची राजधानी बिश्केकजवळ ‘आता-बेयित’ नावाची जागा आहे. १९३८ मध्ये स्तालिनच्या पोलिसांनी १३० हून जास्त माणसं गोळ्या घालून मारली आणि तिथे गुपचूप पुरली. तिथल्या रखवालदाराला ते माहीत होतं. आयुष्यभर तो गप्प राहिला आणि मरण्याआधी फक्त लेकीला सांगून गेला. तिनेही ते अनेक वर्षं पोटात ठेवलं. १९९१ मध्ये ती बोलली, लोकांनी तिने दाखवलेल्या जागी खणलं, आणि हाडं सापडली.

उर्कुनला शंभर वर्षं झाली तेव्हा त्याचं स्मारकही तिथेच उभं राहिलं.