उचल घेतली म्हणजे माणूस मोकळा राहिला, असं होत नाही

गाळप हंगाम तोंडावर आला की कोल्हापूर, शिरोळ, कागल भागात एक मजकूर मोबाइलवरून फिरू लागतो. त्याचा आशय थोडक्यात असा: गुलामगिरी महागात पडायची म्हणून भांडवलशाहीनंच ती संपवली, बाजार मोकळा तिथं माणूस मोकळा, ऊसतोड मजूर लाखाची उचल, म्हणजे मजुरीपोटीची आगाऊ रक्कम, आधीच खिशात घालतो, करार स्वखुशीचा असतो, शिवाय मजुरांचा तुटवडा आहे, मग त्याला वेठबिगार कसं म्हणता? हा मजकूर शिकलेली माणसंही पुढे पाठवतात, म्हणून एकेक दावा तपासून पाहू.

“गुलामगिरी परवडत नव्हती.” गुलामाचं काम शेवटी सगळ्यात महाग पडतं, असं अ‍ॅडम स्मिथनं १७७६ साली लिहिलं होतं, हे खरं. पण पुढची ऐंशी-नव्वद वर्षं अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या बाजारानं ते मानलं नाही. १८६० साली तिथं सुमारे ४० लाख माणसं गुलाम होती. देशाच्या निर्यातीत निम्म्याहून जास्त वाटा कापसाचा होता आणि १८५० च्या दशकात गुलामांच्या किमती चढत होत्या. तोट्यातल्या मालाची किंमत चढत नाही. लुइझियानातल्या दोन बँकांनी मिळून सुमारे १३ हजार गुलाम कर्जाला तारण म्हणून स्वीकारले होते. त्या बँकांची वारस असलेल्या जेपी मॉर्गननं २००५ साली हे जाहीरपणे कबूल केलं. तारण, विमा, वायदा, निर्यात ही बाजाराची सगळी अवजारं गुलामीसोबत सुरळीत चालत होती.

“ती भांडवलशाहीनं संपवली.” हैतीतल्या गुलामांनी १७९१ ला उठाव केला आणि १८०४ ला स्वतंत्र देश उभा केला. जमैकात १८३१ च्या नाताळात हजारो गुलामांनी काम टाकलं, मळे पेटले, आणि १८३३ ला ब्रिटिश संसदेनं गुलामगिरी संपवणारा कायदा केला. कायद्याआधी प्रचार करणाऱ्यांत व्यापारीही होते, त्यांचं श्रेय नाकारायचं कारण नाही. पण भरपाई कोणाला मिळाली ते बघा: २ कोटी पौंड मालकांना, गुलामांना एक पैसाही नाही. उलट ‘उमेदवारी’च्या (शिकाऊ कामाच्या) नावाखाली त्यांना १८३८ पर्यंत त्याच मळ्यांवर राबवलं गेलं.

मग साखरेच्या मळ्यांवर राबायला हात कुठून आणले? हिंदुस्थानातून. १८३४ पासून मॉरिशसला गिरमिटिये, म्हणजे करारानं बांधलेले मजूर, जाऊ लागले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत तिथं साडेचार लाखांच्या आसपास माणसं गेली, त्यांत कोकणातले मराठीही होते. करार साधारण पाच वर्षांचा आणि कागदावर स्वखुशीचा. एक दिवस गैरहजर राहिलं तर दोन दिवसांची मजुरी कापायची, हा तिथला नियम होता. आपल्याकडच्या ऊसतोडीच्या फडात खाड्याचा (गैरहजेरीचा) दंड अजून याच हिशेबानं चालतो: न केलेल्या कामाची मजुरी तर मिळत नाहीच, वर कापून घेतात.

घराजवळचं उदाहरणही हेच सांगतं. करवीर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ ला महार वतनं रद्द केली, त्याच काळात वेठीला बंदी घातली. ती वेठ बाजाराची नव्हती, वतनाची होती. बाजारानं ती सोडवलीही नाही. ती हुकमानं सुटली. सोव्हिएत छावण्यांतही माणसं सक्तीनं राबली, म्हणून सक्ती फक्त भांडवलशाहीच करते असं आम्ही म्हणत नाही. बाजार आपोआप माणसाला सोडवतो, एवढाच दावा आम्ही खोडतो आहोत.

आता मुख्य गोष्ट, “स्वखुशीची उचल”. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, तो टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. टोळी आणणाऱ्या मुकादमाचं कमिशन २० टक्के, ते वेगळं. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. समजा दोघांनी मिळून १ लाखाची उचल घेतली. चांगला फड असेल तर दिवसाला दोन टन. पहाटे तोडणी, पाचट काढणं, मोळ्या बांधणं, रात्री गाडी आली की फळीवरून डोक्यावर मोळी चढवणं, हे सगळं त्यातच. दिवसाचे ७३२ रुपये, म्हणजे माणशी ३६६, बारा तासांहून जास्त कामाचे. उचल फिटायला २७३ टन, म्हणजे १३७ दिवस लागतात. कारखाना १२० दिवसांत बंद झाला तर २४० टन होतात आणि ८७,८४० रुपये वळते होतात. अंगावर राहिले १२,१६० रुपये. आठवड्याची खर्ची, दवाखाना, खाडे यात धरलेलेच नाहीत. ते धरले की बाकी आणखी फुगते आणि पुढच्या हंगामात पहिल्या दिवसापासून जोडप्याच्या मानेवर बसते. अवकाळी पाऊस, ट्रॅक्टर न येणं, फड वाळलेला निघणं, या प्रत्येक दिवसाचा तोटा कोयत्याचा.

यात चूक कुठे होते, तर हिशेब मजुराच्या हातात नसतो. वजनकाट्याची पावती शेतकरी आणि वाहतूकदाराच्या नावावर निघते, टोळीतली वाटणी मुकादमाच्या वहीत होते. बायकोचं निम्मं काम, पण नाव कुठेच नाही. दिवस बुडू नये म्हणून बाई काय सोसते, ते २०१९ च्या राज्य समितीपुढे आलं: बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं होतं.

“तुटवडा आहे, म्हणजे मजूर वरचढ.” हा दावा सगळ्यांत पटण्यासारखा वाटतो आणि तिथंच फसगत होते. मागणी वाढली की दर वाढावा, हा बाजाराचा नियम. पण तोडणीचा दर बाजारात ठरत नाही. मजुरांच्या संघटना आणि कारखान्यांच्या साखर संघाच्या वाटाघाटीत तो काही वर्षांसाठी एकदाच ठरतो. मग टोळी आपल्याकडे ओढायची तर वाढवायचं काय? उचल. तुटवड्याचा फायदा मजुरी म्हणून न येता कर्ज म्हणून येतो. जितकी ओढाताण जास्त, तितकी बांधणी घट्ट. शेतकऱ्याला ऊस तुटावा, गाडी लागावी म्हणून खुशाली आणि एंट्रीचे पैसे वरून मोजावे लागतात, त्याचा राग आम्हाला समजतो; पण तो पैसा टोळीला मिळाला तरी उचलीच्या वहीत त्याची नोंद होत नाही.

“मजूर तर उचल घेऊन पळतात.” मुकादम फसवतात हे खरं आहे. पतसंस्थेचं कर्ज काढून उचल देणारे आपल्या जिल्ह्यातले कित्येक ट्रॅक्टरमालक वाहतूकदार यात बुडालेत. त्यांची तक्रार खोटी नाही. पण ऊस तोडून घ्यायचा कारखान्याला, आणि मजूर आणण्याची जोखीम मात्र वाहतूकदाराच्या सातबाऱ्यावर, अशी ही मांडणी आहे. त्या जोखमीतूनच टोळीवर पहारा बसतो, आधार कार्ड ठेवून घेतलं जातं, एकाला अडकवून बाकीच्यांना राबवलं जातं. पैसे बुडाले तर दिवाणी दावा लावता येतो. माणूस डांबून ठेवणं हा गुन्हा आहे.

कायद्याची व्याख्याही स्वच्छ आहे. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानुसार आगाऊ रकमेच्या बदल्यात चारपैकी एक गोष्ट गेली तरी पुरे: किमान वेतन, दुसरीकडे काम करण्याची मुभा, कुठेही जाण्याची मुभा, किंवा आपल्या श्रमाचं फळ बाजारभावानं विकण्याचा हक्क. सही स्वखुशीची होती की नाही, यावर ते अडत नाही. १९८२ च्या एशियाड कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की गरिबीमुळे दुसरा मार्ग न उरणं हीसुद्धा सक्तीच. आंतरराज्य स्थलांतरितांसाठीचा १९७९ चा कायदा मात्र बीडहून कोल्हापुरात आलेल्यांच्या कामाचा नव्हता, कारण ते राज्याची हद्द ओलांडतच नाहीत.

टोळी अडकलेली दिसली तर अर्ज जिल्हाधिकारी किंवा प्रांताधिकाऱ्यांकडे करायचा. उचल कोणी, कधी, किती दिली. किती टन तोडले. काय वळतं केलं. जायला कोणी अडवलं, हे त्यात लिहायचं आणि काट्याच्या पावत्यांचे फोटो जोडायचे. कर्ज वेठबिगारीचं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी कायद्यानं पैसे देणाऱ्यावर टाकली आहे, मजुरावर नाही. बहुतेक प्रकरणं बिघडतात ती पहिल्याच रात्री: ‘पैशाचा वाद’ म्हणून नोंद होते आणि टोळीला गाडीत बसवून गावी धाडलं जातं. जबाब नाही म्हणून मुक्ती प्रमाणपत्र नाही, आणि प्रमाणपत्र नाही म्हणून पुनर्वसनाची रक्कमही नाही. म्हणून प्रत्येकाचा, त्यातही बाईचा वेगळा जबाब नोंदवून त्याची प्रत हातात पडेपर्यंत टोळी हलवू देऊ नये.