पॉलिश करू नका हो!

टेक्सासातल्या गन शोला गेलो की दर वेळी तोच प्रकार. टेबलावर बंगालातल्या ईशापूरच्या कारखान्यात बनलेली १९४२ ची ली-एनफिल्ड रायफल, आणि लाकूड कसं? लग्नात मिळालेल्या दिवाणासारखं चकाकतंय! मालक छाती फुगवून सांगतो, "सँडपेपर मारला, वरून पॉलियुरेथेनचे तीन हात." अरे बाबा, त्या सँडपेपरबरोबर दस्त्यावरचे तपासणीचे शिक्केही गेले की! लाकूड फाटू नये म्हणून ईशापूरवाल्यांनी पुढे आडवा स्क्रू मारलेला असतो. तो याने कुणाचं तरी ठिगळ समजून लांबी भरून बुजवला. पोलादावर नवंकोरं ब्लूइंग (गंज रोखणारा निळा-काळा थर), आणि बफ फिरवताना 'जी.आर.आय.' ही राजा-सम्राट जॉर्जची अक्षरं अर्धी झिजलेली. वर किंमत दुप्पट.

मळच काढायचा तर चिंधी, थोडं मिनरल स्पिरिट, मग जवसाच्या तेलाचा हलका हात. बास. (सोव्हिएत कारखान्यांनी मोसिन-नागां रायफलींवर शेलॅक (लाखेचं रोगण) चोपडलं, ते मला चालतं. ते सैन्यासाठीच केलेलं.)

परवा एकाला हे समजावलं, तर म्हणतो, "पण जुनी दिसत होती ना!"

ऐंशी उलटलीय तिने. जुनीच दिसणार!