डोकं माझं, बाकडं वहिनीचं

चवथ (गणेश चतुर्थी) तोंडावर आली म्हणून काल गोव्यातल्या डिचोलीच्या बाजारात माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या सजावटीचं, सामान घ्यायला गेलो. निम्म्या दुचाकीवाल्यांची हेल्मेटं कोपरात. पोलीस दिसला की डोक्यावर, पोलीस मागे पडला की पुन्हा कोपरात. एका ओळखीच्याला हटकलं तर म्हणतो, "डोकं माझं, तुला रे काय पडलंय?"

अगदी हेच माझा मावसभाऊ म्हणायचा. दोन वर्षांपूर्वी रात्री "हा आलो" म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानात निघाला. वाटेत काळी गाय बसलेली आणि खांबावरचा दिवा बंद. डोकं त्याचंच होतं, मान्य. पण गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) बाकड्यावर एकवीस रात्री काढल्या त्या वहिनीने. आजही तो बोलता बोलता अडतो आणि राहिलेला शब्द मावशी पुरवते. तेव्हापासून "माझं डोकं" हा युक्तिवाद मी ऐकूनच घेत नाही.

त्यामुळे सक्ती मला जाचक वाटत नाही. गोव्यात १ एप्रिल २०२२ पासून वाढीव दंड लागू झाले. हेल्मेट नसेल तर एक हजाराचा तालांव (दंडाची पावती) आणि तीन महिने लायसन्स निलंबित. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट हवं, हे मात्र आपण सोयीने विसरतो. अल्पवयीन पोराने स्कूटर घेऊन गुन्हा केला तर पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. असू दे. (वळणावर झाडाआड उभं राहून तालांव देतात, त्याचा मात्र राग येतो. वळणात अचानक ब्रेक मारायला लावायचा, ही कसली सुरक्षा?)

माझं भांडण वेगळंच आहे. त्याच मोटार वाहन कायद्यात कलम १९८अ आहे, २०१९ च्या दुरुस्तीत आलेलं. रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल ठरल्या मापाची नसल्यामुळे कुणी मेला किंवा अपंग झाला, तर ठेकेदार, सल्लागार, जबाबदार यंत्रणा यांना एक लाखापर्यंत दंड. हजाराचा तालांव गावात पोराटोरांनाही पाठ आहे. या कलमाबद्दल मी दहा जणांना विचारलं, एकालाही माहीत नव्हतं. भावाच्या वेळीही दिवा कुणी बंद ठेवला, गाय कुणाची, हे कुणी विचारलं नाही. जो भेटायला यायचा तो एवढंच विचारायचा, "हेल्मेट नव्हतं ना?"

नव्हतंच. ती चूक त्याचीच. पण दिव्याची चूक त्याच्या खात्यावर का?

'प्रत्येकाने आपली जबाबदारी ओळखावी' असं व्यासपीठावरून सांगणाऱ्यांनी आधी त्या खांबाखाली रात्री एकदा स्कूटर चालवून दाखवावी.

भाऊ आता गाडी चालवत नाही. परवा माझ्या मागे बसला, पण हेल्मेटचा पट्टा काही त्याला लावता येईना. मी उतरून लावून दिला. तिठ्यावरचा ओळखीचा पायलट (मोटारसायकल टॅक्सीवाला) बघत होता. हसून म्हणाला, "आता मागच्यालाही?"