नळ्या खाण्याचे रीतसर प्रशिक्षण

परवा एका चकचकीत दुकानात ‘बालपण’ अशी पाटी लावलेल्या फळीसमोर पिवळ्या नळ्यांचे पाकीट हातात घेऊन मी क्षणभर थांबलो, एवढाच माझा अपराध. लगेच गणवेशातला एक विशीतला तरुण धावत आला आणि अत्यंत आदराने म्हणाला, “सर, हे पूर्वीचे लोक खायचे.”

पूर्वीचे म्हणजे कोण, असे मी विचारले. “नव्वदच्या आधीचे,” असे सांगून, माझी काहीच माहिती नसावी अशा समजुतीने त्याने शिकवणी सुरू केली. “आधी पाचही बोटांत एकेक नळी घालायची, मग करंगळीपासून सुरुवात करायची.” एवढे बोलून त्याने बोटांत अदृश्य नळ्या चढवल्या आणि डोळे मिटून, कुडुम् कुडुम् असा आवाज तोंडाने काढत, त्या अंगठ्यापर्यंत खाऊन दाखवल्या. शेजारी तेलाचा डबा पारखणाऱ्या बाईंनी, “काकांना तळलेलं चालतं का हो?” असे विचारले, मला नव्हे, त्याला. त्यानेही माझ्याकडे न पाहता, “थोडं चालतं,” असे माझ्या वतीने सांगून टाकले.

करंगळीपासून नव्हे, अंगठ्यापासून! अंगठ्यावरची नळी घट्ट बसते आणि हात तापला की मऊ पडते, म्हणून ती आधी संपवायची असते, हे आमच्या शाळेबाहेरच्या गाडीवर दुसरीतल्या पोरालाही ठाऊक होते. तिथे नळ्या काचेच्या बरणीतून निघून वर्तमानपत्राच्या पुडीत येत. 2018 च्या नियमांनी खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधण्यास बंदी घातली आणि शाई पोटात जाऊ नये म्हणून ती योग्यच आहे. पण पुडी उलगडल्यावर अर्धवट मिळणारी ती बातमी आता कोण पुरवणार?

त्याच ‘बालपण’ फळीवर अंकल चिप्सही होते. ते 1992 साली बाजारात आले तेव्हा मला मिसरूड फुटले होते आणि कुरकुरे आले त्या 1999 साली मी नोकरीला लागलो होतो, तेव्हा हे नेमके कोणाचे बालपण विकायला काढले आहे, हे कळायला मार्ग नाही. आमच्याकडे खरी चैन म्हणजे सांगलीहून आत्या आणायची ती भडंग, जिच्या लसणाचा वास तिच्या आधी जिना चढून वर येई.

पाकिटातल्या नायट्रोजनमुळे तेल खवट होत नाही आणि वेफर्सचा चुरा होत नाही, हे मान्य. परंतु उशीएवढ्या फुगलेल्या पाकिटाच्या मागे, मुंगीच्या अक्षरात, 60 ग्रॅम असे छापायचे आणि त्याचे 90 रुपये घ्यायचे, हा कोणता न्याय? चव तरी तीच असावी! तर वर पेरीपेरी मसाला.

पैसे देताना ‘बालपण क्लब’साठी माझा मोबाइल क्रमांक मागण्यात आला. मी तो दिला नाही. पिशवीचे 12 रुपये निराळे लागले.