सम्राटाच्या तोंडावरची छिन्नी

गावाकडच्या ग्रुपवर अधूनमधून तोच फोटो येतो. रोमन सम्राटाचं सोन्याचं नाणं, चेहऱ्यावर आरपार घाव. खाली मजकूर: 'आपल्या पूर्वजांनी रोमचं नाक कापलं, आणि इंग्रजांनी तेही पळवलं.' दुसऱ्या वाक्यावरून खुशाल भांडा. पहिलं मात्र शुद्ध थाप आहे.

1898 साली आजच्या तमिळनाडूतल्या पुदुकोट्टै संस्थानात अशी 501 नाणी सापडली, ऑगस्टसपासून व्हेस्पेशियनपर्यंतच्या रोमन सम्राटांची. बहुतेकांवर घाव. त्यांतली नाणी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. आधी वेळ घेतली की समोर ट्रे येतो. नाणं फक्त कडेने धरायचं, खाली मऊ कापड, दिवा बाजूने तिरका. नाकाचा, केसांचा उठाव झिजलाय का ते आधी बघायचं, मग घावाच्या काठाला सोनं कसं उचललंय ते. नाणेतज्ज्ञांचा नेहमीचा खुलासा साधा आहे: झिजलेलं नाणं वजनाला कमी भरतं, म्हणून छिन्नी मारून चलनातून बाद केलं, पुढे ते निव्वळ धातू. इ.स. 64 साली सम्राट नीरोने एका रोमन पौंडात 40-42 ऐवजी 45 नाणी पाडायला सुरुवात केली, म्हणजे कोरं नाणंसुद्धा साधारण 7.3 ग्रॅमवर आलं. तराजू घेऊन बसणाऱ्याला हे कळणार नाही?

आंध्रात तर रोमन सोन्याच्या नाण्यांना सम्राटाच्या डोक्याच्या वर दोन भोकं पाडून गळ्यात घालत. एक नव्हे, दोन. नाहीतर दोऱ्यात नाणं फिरतं आणि सम्राट तिरका लटकतो. नाक कापणारे लोक एवढी काळजी घेतात होय?

आमच्या नाशिकच्या 10 क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने दगडावर हिशेब कोरलाय: 70,000 कार्षापण (चांदीची नाणी), 35ला एक सुवर्ण (सोन्याचं नाणं), म्हणजे 2,000 सुवर्ण. तिकडे रोमन लेखक प्लिनी रडतोय की भारत वर्षाला 5 कोटी सेस्टर्स (रोमची छोटी नाणी) ओढून नेतो. शंभराला एक या दराने ती 5 लाख सोन्याची नाणी झाली. व्यवहाराला इतके पक्के लोक, आणि आपण त्यांना चिडकी पोरं ठरवतो.

इथे म्युझियममध्ये शाळेच्या सहली काचेपुढून दोन मिनिटांत पुढे सरकतात. नोंदीत पुदुकोट्टै वाचलं की आपला पाय मात्र अडतो, हे कबूल. ग्रुपवर ते लिहिलेलं नाही. 'शेवटी तूही आमचाच' म्हणतील, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.